इंजिनाचा आवाज थांबला की

डोंगरावर ट्रॅक्टरचा आवाज चालू असला की मी खाली घरात भाकरी थापू शकते, अद्रक निवडू शकते, फोनवर भांडूही शकते. आवाज थांबला की मला काही म्हणता काही सुचत नाही. पिठाचे हात तसेच घेऊन दारात येते, डोळ्यांवर हात धरते आणि वर बघत राहते. पुन्हा भटभट सुरू झाली तर परत चुलीपाशी. नाही झाली तर भाकरी करपली तरी कळत नाही, मी निम्मा चढ चढलेली असते.

तशी मी मुळातच उतावळी. पायात भिंगरी आहे पोरीच्या, असं माझी आई म्हणायची, आणि ते ती कौतुकानं म्हणायची नाही. बसून राहणं मला कधी जमलं नाही आणि तोंड मिटून बसणं तर त्याहून नाही. पण ही डोंगराकडं कान लावून बसायची खोड आईच्या घरून आणलेली नाही. ती ट्रॅक्टरबरोबर आली.

आमचं रान पिशोरच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. निजाम गेला, त्यानंतर कधीतरी भावाभावांत वाटणी झाली, तेव्हा सपाट काळी जमीन थोरल्या घराकडं गेली आणि माझ्या सासऱ्यांच्या पदरात हा उतार पडला. वरच्या अंगाला सीताफळ, मधल्या टप्प्यांवर तूर आणि मका, खाली विहिरीपाशी अद्रक. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जायला गाडीवाट आहे, पण ती पावसाळ्यात दर साली थोडी वाहून जाते आणि दर साली ती आम्हालाच बांधावी लागते. दगड तर असे, की एक उचलला की खालून दुसरा डोकं काढतो.

ह्यांची सगळी नोकरी चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर झाली. ह्यांची म्हणजे आमच्या ह्यांची. नाव घ्यायची सवय नाही आणि आता लावून घ्यायची इच्छाही नाही. आम्ही राहायला शहरात, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, आणि सुट्टी आली की रानात. रिटायर झाल्यावर ह्यांनी उलटं केलं. रानात राहायचं आणि काम निघालं तरच शहरात जायचं. मुलगा-सून पुण्यात नोकरीला. त्यांचं म्हणणं फोनवर एवढंच, की पप्पांना जपून राहायला सांग. जसं काही माझ्या सांगण्यावर ह्यांचं पान हलतं.

शेवटचा बैल म्हातारा होऊन गेला आणि गोठा रिकामा पडला. मग एक दिवस हे छोटा ट्रॅक्टर घेऊन आले. छोटा म्हणजे खरंच छोटा, सीताफळाच्या दोन ओळींमधून जाईल एवढा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हटलंसुद्धा. पण मनातून मलाही बरं वाटलं होतं. उतारावर कुदळ मारून आमच्या दोघांच्या कमरा गेल्या होत्या.

ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, पिशोरातच दिलेली. आक्का तिला सगळे म्हणतात. ती ओवाळायला आली. कुंकू, नारळ, हार, सगळं रीतसर झालं. मग हे लिंबाखाली गेले, चपला काढल्या, ट्रॅक्टरला हात लावून कपाळाला नेला आणि अनवाणी वर चढले. मला वाटलं पहिल्या दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी पण चपला लिंबाखाली. तिसऱ्या दिवशी पण.

आमच्याकडं खळ्यात चप्पल घालून कोणी जात नाही, हे मला माहीत होतं. तिफणीला चुकून पाय लागला तर नमस्कार करतात, तेही माहीत होतं. सासरे तर पेरणीच्या दिवशी बांधावरच वहाणा काढायचे. पण ती माती होती. हे लोखंड, खालून इंजिन तापलेलं, पायाशी पत्रा. मी म्हटलं, कंपनीत तुम्ही बुटाशिवाय मशीनपाशी जात नव्हता, नवीन माणूस चप्पल घालून आला तर त्याला दारातून परत पाठवायचा, आणि इथं अनवाणी?

"कंपनी दुसऱ्याची होती," हे म्हणाले. "ही आपल्या घरची लक्ष्मी हाय. तिच्या अंगावर चपला घालून चढू का?"

यावर काय बोलणार? मी बोललेच, पण उपयोग झाला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

बाकी मात्र ह्यांचा कायदा कंपनीतल्यासारखाच कडक होता. डोक्यामागं जी लोखंडी कमान असते, ती गावातल्या बहुतेकांनी काढून टाकलेली, फांद्यांना अडकते म्हणून. ह्यांनी फांद्या छाटल्या, पण कमान काढली नाही. ट्रॅक्टर उलटला तर ती कमान माणसाला वाचवते, पण पट्टा बांधलेला असला तरच, म्हणून पट्टा. ट्रॅक्टरला ब्रेकच्या दोन पाट्या असतात, डाव्या चाकाची एक आणि उजव्या चाकाची एक. शेतात वळताना एकच दाबतात. पण उतारावर एकच चाक धरलं तर ट्रॅक्टर गरकन फिरतो आणि आडवा होतो. म्हणून उताराला लागायच्या आधी दोन्ही पाट्या कडीनं जोडायच्या. उतरताना पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, मुंगीच्या पावलानं. डिझेल वाचतं म्हणून न्यूटल मारून, म्हणजे गिअर काढून, खाली येणाऱ्यांना हे तोंडावर शिव्या द्यायचे. पाऊस पडून गेला की बांधाच्या कडेपासून लांब राहायचं, कारण कडा आतून पोकळ झालेली असते. आणि ट्रॅक्टरवरून उतरायचं तर आधी मागचं अवजार जमिनीवर टेकवायचं, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं, मगच खाली पाय. चालू मशीनमध्ये हात घालणाऱ्याला हात दोनच असतात, हे ह्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि सगळ्यात छळणारा कायदा: सीट एक, माणूस एक. मडगार्डवर कोणी बसायचं नाही.

आता आमच्या भागात मडगार्डवर बसणं ही काही चोरून करायची गोष्ट नाही. तो मान आहे. पाहुणा आला तर त्याला मडगार्डवर बसवून रान दाखवतात. नवी सून पहिल्यांदा शेतात जाते ती मडगार्डवर बसून, हातात ताट घेऊन. आणि आमचे हे ट्रॅक्टरवर बसून पुढं, मी डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन मागं, धूळ खात. पिशोरच्या बाजाराला निघालेली माणसं थांबून बघायची. एका म्हाताऱ्यानं विचारलंच, काय बाई, नवरा घोड्यावर अन् तुम्ही पायदळ, भांडण झालं का? मी म्हटलं, भांडण रोजच आहे, त्याचा आणि चालण्याचा संबंध नाही.

पंचमीला आक्का माहेरपणाला आली तेव्हा तर कहर झाला. तिला वरच्या टप्प्यावर सीताफळं बघायची होती. गुडघे दुखतात बिचारीचे. ती सरळ मडगार्डला हात घालून चढायला लागली आणि ह्यांनी इंजिन बंद केलं. आक्का, उतर, म्हणाले. सख्ख्या थोरल्या बहिणीला, सणाच्या दिवशी! ती जी रुसली ती दिवाळीपर्यंत आली नाही. मला इतका राग आला होता की मी दोन वेळ ह्यांच्याशी बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते उपासापेक्षा कठीण आहे. पण चालताना मला एक सवय लागली. ट्रॅक्टरच्या पुढं गेलं की मी वाटेतले दगड बघायची, रात्रीच्या पावसानं कुठं खड्डा पडलाय ते बघायची आणि हात करून ह्यांना सांगायची. मग मला मागं चालवलंच नाही कोणी. मी पुढं चालायची.

एवढा सगळा जपणारा माणूस. म्हणून ते ध्यानात यायला मला उशीर लागला.

ह्यांना शुगर होती, बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू, चहात साखर बंद, एवढंच. एका सकाळी हे विहिरीवरून आले आणि अंगणात उभं राहून माझ्याशी मोटारीच्या वायरीबद्दल बोलायला लागले. मी बघते तर एकाच पायात चप्पल. मला हसू आलं. म्हटलं, दुसरी कुणाला दान केली? हे खाली बघायला लागले. माझं हसू तिथंच थांबलं, कारण ह्यांना आत्ता कळलं होतं. विहिरीपासून घरापर्यंतची वाट सराट्याच्या काट्यांनी भरलेली, आणि एका पायात काही नाही हे ह्यांना आत्ता, खाली बघून कळलं होतं.

चप्पल विहिरीपाशी चिखलात सापडली. ध्यानात नसेल माझ्या, म्हणाले. माणसाचं लक्ष नसतं कधी कधी, असं मीही मनाला समजावलं. पण त्या दिवसापासून माझी नजर ह्यांच्या पायांवरून हटेना. चालताना हे पाय जरा जास्त वर उचलतात आणि आपटतात, असं मला वाटायला लागलं. आधीपासून तसंच चालत होते की मलाच आता दिसत होतं, कोण जाणे. जेवायला बसले की मी पाय बघायची. हे चिडायचे. माझ्या ताटात बघ, म्हणायचे.

मग तो फोड. ट्रॅक्टर चालवून आले, ओट्यावर पाय सोडून बसले, आणि उजव्या तळव्यावर बंद्या रुपयाएवढा फोड. पाण्यानं टचटचलेला. तापलेल्या पत्र्यावर पाय टेकून बसले असणार किती वेळ तरी. मी विचारलं, भाजलं तेव्हा कळलं नाही का? हे म्हणाले, कुठं भाजलं?

मी त्याच दिवशी शहरात न्यायचं म्हटलं आणि नेलं. औरंगपुऱ्यात आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. त्यांनी फोड बघितला, आणि मग ह्यांना डोळे मिटून पडायला सांगितलं. त्यांच्या हातात नायलॉनच्या बारीक दोऱ्यासारखं काहीतरी होतं. ते तळव्याला टेकवलं की व्हय म्हणायचं, एवढंच. मी शेजारी उभी. डॉक्टरांनी अंगठ्याला दोरा टेकवला. हे गप्प. टाचेला टेकवला. गप्प. मग डॉक्टर नुसतेच थांबले, दोरा हवेत, पायाला काही लागलेलं नाही, आणि हे म्हणाले, व्हय. पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, व्हय. अंदाजानं म्हणत होते. शाळेत धडा पाठ नसलेलं पोर चेहरा बघून उत्तर देतं ना, तसं, आणि ह्यांचे तर डोळे मिटलेले. मला तिथं उभं राहवेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पायाच्या शिरा बधिर झाल्यात. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. रोज तळवे तपासायचे, कारण लागलेलं कळणार नाही आणि जखम चिघळली तर पायावर बेतेल. आणि पायानं ज्याचे ब्रेक दाबायचे असं काही चालवायचं नाही. शेवटचं वाक्य बोलले तेव्हा हे बाहेरच्या रिक्षावाल्याकडं बघत होते. येताना आम्ही बूट घेतले, नाडीचे, मऊ, म्हणजे पायातून निसटले असं व्हायला नको. दुकानात ह्यांनी गुमान पाय पुढं केला. मला वाटलं, चला, मानलं म्हणायचं.

कसलं मानलं! दुसऱ्या दिवशी सकाळी बूट लिंबाखाली. आत मोजे गुंडाळून नीट ठेवलेले. आणि हे वर अनवाणी.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो सांगून कळायचा नाही. मी भांडले. रडले. आक्काला बोलावून आणलं, तिनं शपथ घातली. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, इतकी वर्षं मशीन चालवली, माझ्या पायाला सगळं ठाऊक हाय. मी म्हणायची, ज्या पायाला विस्तव ठाऊक नाही त्याला ब्रेक कसा ठाऊक असेल? चावी लपवावी असं शंभरदा मनात आलं. पण चावी काढून घेतलेला माणूस घरात कसा दिसतो, तेही मी माहेरी बघितलं होतं. माझा बाप शेवटी तसा ओसरीवर बसून असायचा. ह्यांना तसं करायचा माझा धीर झाला नाही. मग काय, कान. सकाळी भटभट सुरू झाली की माझा अर्धा जीव डोंगरावर. चढताना आवाज जड येतो, उतरताना अडवून धरल्यासारखा येतो, वळणावर क्षणभर दबतो. मला सगळं पाठ झालं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही.

पुढच्या सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. पाऊस संपून रान सुकत आलं होतं. हे मधल्या टप्प्यावरून मोगडा घेऊन खाली येत होते. मोगडा म्हणजे मागं लावायचे लोखंडी फण, जमीन उकरायला. तो वर उचललेला होता. मी वाटेच्या वळणावर, वरच्या अंगाला, वाटेतला दगड बाजूला करून उभी होते. आवाज अडवून धरल्यासारखा येत होता, म्हणजे ठीक होतं. आणि एकदम तो मोकळा झाला. इंजिन हलकं वाजायला लागलं आणि ट्रॅक्टर जड झाला. मला कळायच्या आत तो माझ्या समोरून सुटलेला खाली निघाला होता.

मी ह्यांचा चेहरा बघितला. घाबरलेला नव्हता. हे पुढं बघत होते आणि ट्रॅक्टर का पळतोय तेच ह्यांना कळत नव्हतं. उजवा पाय जोर लावून पत्र्यावर दाबलेला, ब्रेकच्या शेजारी. डावा क्लचवर विसावलेला, नकळत पार दाबला गेलेला, म्हणजे इंजिनानं चाकं सोडलेली. वळण आलं, पुढं बांध, बांधाखाली पुरुषभर खोल दगडांचा उतार. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. ह्यांच्या हातानं तेवढ्यात मोगडा टेकवायची तरफ खाली ओढली. मोगडा धाडकन जमिनीत गेला, फण दगडांवरून करकरत गेले, एक वाकला, हिसक्यानं पाय क्लचवरून सुटला, आणि बांधाच्या अलीकडं ट्रॅक्टर अडकून बंद पडला. सगळीकडं शांत झालं.

मी धावत गेले. नेहमीची मी असते तर अख्ख्या डोंगराला ऐकू गेलं असतं. पण मी नुसती चाकापाशी जाऊन उभी राहिले. हे खाली वाकून आपल्या पायांकडं बघत होते, एकदा ह्या, एकदा त्या.

"पाय कुठं होता, मला कळलंच नाय," हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मी ब्रेकच दाबत होतो, आईच्यान."

"उतरा," मी म्हटलं.

हे उतरले. हँडब्रेक ओढून, चावी फिरवून, मग एक मोठा दगड चाकाला लावून. तेव्हासुद्धा कायदा सोडला नाही. चावी माझ्या हातात दिली आणि घराकडं चालायला लागले. मी मागं मागं चालत होते आणि ह्यांची पावलं कुठं पडतात ते बघत होते. त्या दिवशी ह्यांनी नीट जेवण केलं नाही, आणि मी आग्रह केला नाही.

मग गावातला एक ड्रायव्हर लावून बघितला. चांगला कामाचा गडी, पण मोबाइलवर गाणी लावून, मांडी घातल्यासारखा बसून, न्यूटलमध्ये खाली यायचा. देव तारी त्याला कोण मारी, हे त्याचं म्हणणं. ह्यांनी त्याला सांगितलं की देवाला इतर कामं असतात, आणि घालवून दिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ट्रॅक्टर गोठ्यात उभा. वरच्या टप्प्यावर गवत कमरेएवढं झालं. हे रोज जाऊन त्याच्यावरची धूळ पुसायचे, टायरची हवा बघायचे आणि परत यायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं पीळच गेला होता, आणि मला तो परत हवा होता.

मीच म्हटलं एक दिवस, मला शिकवा. शहरात मी स्कूटी चालवली आहे, ट्रॅक्टर काय अशी मोठी गोष्ट आहे? तुझ्यासारखी घाई करणारी बाई उतारावर काय दिवे लावणार, हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवलं ते ह्यांनीच.

शिकवताना सीटशेजारी उभे राहिले नाहीत. सीट एक, माणूस एक. खाली उभे राहायचे, वरच्या अंगाला, बूट घालून, आणि हातानं खुणा करायचे. आधी विहिरीजवळच्या सपाट तुकड्यात. मग नुसता चढ. मग उतार, एकदा, दोनदा, इतक्यांदा की मी वैतागून स्टेअरिंगवर हात आपटले. मी घाई केली की हे काही बोलायचे नाहीत, नुसते पाठ फिरवून उभे राहायचे. त्या पाठीला मी जेवढी भ्याले तेवढी सासूलाही भ्याले नव्हते.

पहिल्या दिवशी मात्र एक झालं. मी सवयीनं लिंबाखाली चप्पल काढली आणि पाय वर ठेवणार, तर हे म्हणाले, थांब. घरात गेले आणि कंपनीतले जुने बूट घेऊन आले, लोखंडी नाकाचे, जाड तळव्याचे. मला दोन बोटं मोठे. आत कापडाचे बोळे भरले, आणि म्हणाले, घाल. मी म्हटलं, आणि लक्ष्मी? हे ट्रॅक्टरकडं न बघता म्हणाले, तिची मी समजूत काढतो.

आता मीच चालवते. आक्का आली की मी तिला खालीच थांबवते आणि सीताफळं टोपलीत घालून आणते. तिचा भावावरचा राग आता माझ्यावर आलाय. म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा विचारलं, आता नवरा पायदळ का? मी म्हटलं, आळीपाळीनं.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. मी सकाळीच वरच्या टप्प्यावर गेले होते. मागं रोटाव्हेटर, गवत कापत माती भुसभुशीत करत चालले होते. हे घरी, बाजेवर पडलेले. तळव्यांना मलम लावून जरा वाऱ्यावर मोकळे ठेवलेले. सीताफळाच्या चौथ्या का पाचव्या ओळीत रोटाव्हेटरला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा गुंडाळला. घरघर बदलली. पूर्वीची मी असते तर चालू मशीनलाच हिसका मारला असता. पण कायदा म्हणजे कायदा. अवजार टेकवलं, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खाली उतरले, चाकाला दगड लावला आणि विळ्यानं नळी कापत बसले. छान शांत होतं. तितर ओरडत होते. इतक्या वर्षांत डोंगरावर एवढी निवांत मी बसलेच नव्हते, असं मनात आलं.

आणि खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मी उभी राहिले. हे येत होते. चालत नाही, पळत. वाट सोडून सरळ चढावर, झुडपांतून, हातानं बांध धरत. शर्टाच्या गुंड्या उघड्या, तोंडानं श्वास. आणि पायात काही नाही. बूट नाही, चप्पल नाही, काही नाही.

मला राग आला, असा की विचारू नका. मी तिथूनच सुरुवात केली: डोकं फिरलंय का, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, पाय तोडून घ्यायचाय का. हे वर पोचले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हात, पाय, सगळं जागेवर आहे ना ते बघितलं, आणि मग दगडावर बसले. हे चढून आले तिथं मधूनमधून दगडाला लाल लागलेलं होतं.

"आवाज थांबला," हे म्हणाले.

मी खाली बसले आणि ह्यांचा पाय मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा, पार आत. मी तो नखांनी धरून ओढला तेव्हा माझेच दात कचकन आवळले गेले. हे बघत होते, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे. अजून धाप लागलेली होती. दुसऱ्या पायात सराटे होते, ते एकेक काढले. पदराचं टोक तोंडानं भिजवून रक्त पुसलं. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, दोन्ही एकदमच चाललं होतं.

"दुखत नाय गं," हे म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच मला दुखतंय."

माझ्या पायातले ते कंपनीचे बूट मी काढले, आतले बोळे काढले आणि ह्यांच्या पायात घातले. नाड्या घट्ट बांधल्या. ह्यांचेच बूट, बरोबर बसले. मग मी अनवाणी उभी राहिले आणि ट्रॅक्टरकडं बघितलं.

"आता नको," हे म्हणाले. "तुझी चप्पल आणतो खालनं. तोवर ट्रॅक्टरवर चढू नको."

आणि उठून, एकेक पाऊल बघून टाकत, उतरायला लागले.